पेन्सिलीनं लावलेल्या जोड्या

रविवारी, १७ जानेवारी २०२१ ला, दुपारी साडेतीनच्या सुमारास माझ्या संगणकावरच्या खेळातलं पहिलं वर्ष पुरं झालं. कुस्तीची बारा मैदानं भरवली. त्यातली दोन पडली, तीन गाजली, बाकीची बरी गेली. तिजोरीत सुरुवातीपेक्षा थोडे जास्त पैसे राहिले आणि एकही पैलवान तालीम सोडून गेला नाही. इथवर यायला मला सतरा वर्षं लागली. मधली बरीच वर्षं मी खेळाला हातही लावला नव्हता, पण सुरुवातीला फार चाचपडलो होतो हे खरं. गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी ‘सुरुवात कुठून करायची’ असं विचारलं, म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

खेळाचं नाव टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग २०२०. ह्यात कुस्ती खेळायची नसते, भरवायची असते. टीव्हीवर दिसते तसली कुस्ती चालवणारी एक कंपनी तुमच्या ताब्यात येते. कुणाला बोलवायचं, किती पैसे द्यायचे, कुणाची जोड कुणाशी लावायची, शेवटी कोण जिंकणार, हे सगळं तुम्ही ठरवता. पडद्यावर मारामारी दिसत नाही. दिसतात फक्त नावं, आकडे आणि दोन-दोन ओळींचं वर्णन. मला हा खेळ सापडला तो त्याच्या थोरल्या भावाच्या रूपानं. त्याचं नाव एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज, आणि तो मला २००३ मध्ये एका चुकीच्या बातमीमुळे सापडला.

तेव्हा मी अकरावीत होतो. आमच्या वर्गातली निम्मी पोरं टेन स्पोर्ट्सवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीवर जगायची. दिवाळीनंतर गल्लीतल्या केबलवाल्यानं ते चॅनेल तीन आठवडे बंद ठेवलं. निकाल कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत गेलो. रजिस्टरात नाव, पत्ता, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ लिहायची. अर्ध्या तासाला दहा रुपये. शोधता शोधता एक लांबलचक वृत्तांत हाती लागला. रे मिस्टेरिओ जगज्जेता झाला होता. कुस्ती कशी रंगली, पब्लिक कसं उभं राहिलं, पट्टा कमरेला बांधताना तो कसा रडला, सगळं त्यात होतं. मिस्टेरिओ माझा आवडता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते छातीठोक सांगितलं. पाटीलकीच्या थाटात पैजही लावली.

चॅनेल परत सुरू झालं तेव्हा पट्टा ब्रॉक लेस्नरच्या खांद्यावर होता. मिस्टेरिओ कुठं त्याच्या आसपासही नव्हता. पुढचे आठ दिवस मी मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर थांबत नव्हतो. मग पुन्हा दहा रुपये घेऊन त्याच कॅफेत गेलो, तोच वृत्तांत उघडला आणि या खेपेला वरपासून वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हे सगळं एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज या खेळात घडलंय. लिहिणारा परदेशातला कुणीतरी पोरगा होता. स्वतःच्या संगणकावर त्यानं महिनोन्‌महिने मैदानं भरवली होती आणि त्याचा इतिहास लिहून ठेवला होता. माझी चिडचिड तिथंच थांबली. हे आपल्यालाही करता येईल, एवढंच डोक्यात राहिलं.

हा खेळ इंग्लंडच्या ॲडम रायलंडनं बनवला होता. २००२ मध्ये आलेला, आणि फुकट. फुकट होता म्हणूनच आमच्यापर्यंत पोचला. दुकानातून विकत घ्यायचा असता तर कोल्हापुरात कुणाच्या हाती लागला नसता. पण फुकट असला तरी घरी आणायला पैसे लागलेच. कॅफेतली एकच टेलिफोन लाइन सहा संगणकांत वाटलेली. फाइल उतरवताना पहिल्यांदा अर्ध्यावर तुटली, दुसऱ्यांदा शेवटाकडे येऊन तुटली. तिसऱ्या खेपेला मी कॅफेवाल्या दादांना विनंती करून सकाळी आठला, गिऱ्हाईक यायच्या आधी बसलो. फ्लॉपीत ती मावेना, म्हणून सीडी भरून घेतली. वेळेचे साठ, सीडीचे तीस, आधी वाया गेलेले वीस. एकूण एकशे दहा रुपये आणि सहा दिवस. पैसे आईनं दिले. कशासाठी ते तिनं विचारलं नाही.

घरी संगणक नव्हता. लक्ष्मीपुरीत मावसभावाचं डीटीपीचं दुकान होतं, तिथल्या विंडोज ९८ च्या मशिनवर रात्री आठनंतर बसायची परवानगी मिळाली. सीडी टाकली, खेळ बसवला, उघडला आणि चौकट आली: अमुक एक ओसीएक्स फाइल सापडत नाही. त्या काळी व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत बनवलेल्या खेळांना जोडीला काही फाइली लागायच्या, त्या मशिनवर नसल्या की तो सुरूच व्हायचा नाही. हे मला तेव्हा कुठलं माहीत? मला वाटलं सीडी खराब आहे, एकशे दहा रुपये पाण्यात गेले. नऊ दिवस तसेच गेले. शेवटी मावसभावाकडच्या एका संगणक मासिकाच्या सीडीवर त्या फाइलींचा गठ्ठा सापडला. तो बसवल्यावर खेळ उघडला. (जुनी आवृत्ती आज कुणी चालवून बघत असेल आणि हीच चौकट आली, तर खेळाला दोष देऊ नका. व्हिज्युअल बेसिकचा तो गठ्ठा आधी बसवा.)

उघडल्यावर माझा हिरमोड झाला. करड्या रंगाच्या चौकटी, नावांच्या याद्या, शंभरापैकी गुण. कोण किती ओळखीचा, कुणाचा वेग किती, कुणाची मारपीट कशी, स्वभाव कसा. रिंग नाही, आवाज नाही. मी दोन-चार बटणं दाबली, एक मैदान भरवलं, त्याला शंभरात एकेचाळीस गुण मिळाले. का मिळाले ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून खेळ बंद. वृत्तांत लिहिणाऱ्या त्या पोराला ह्यात काय दिसलं असेल, हाच विचार करत राहिलो.

ते मला आबांनी दाखवलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. तरुणपणी गंगावेस तालमीत मेहनत केलेले, पुढे गुडघा गेल्यावर मातीतून बाहेर आलेले. पण करवीर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावच्या जत्रेत जोड्या लावायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडं होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये ते जंगी मैदानाचं पत्रक छापायला त्याच दुकानात आले. प्रूफ निघेपर्यंत माझ्या शेजारी बसले. मी पुन्हा एकदा प्रयत्न म्हणून खेळ उघडला होता.

“हे काय मांडलंयस?”

“कुस्तीचा खेळ आहे आबा.”

“कुस्ती कुठं दिसंना ती.”

मी जमेल तसं सांगितलं. इतक्या जणांना बोलवायचं, इतके पैसे, इतक्या जोड्या, मग पब्लिक गुण देतं. आबांनी हातातलं प्रूफ माझ्या पडद्याशेजारी धरलं. पत्रकावर वर नंबर एकची जोड, तिचं इनाम, खाली दोन, तीन, चार, आणि तळाला ‘याशिवाय नेमलेल्या लहान-मोठ्या कुस्त्या’. पडद्यावरही तसंच. “आरं, ह्यो तर जोड लावायचा खेळ हाय,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसून परत घातला.

त्या रात्री साडेदहाला दुकानाचं शटर ओढलं.

मावसभावाची दुकानातली कामं संपली की मी आणि आबा आठवड्यातून दोनदा बसायचो. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायचो, ते सांगायचे. मला जे कोडं वाटत होतं ते त्यांना ओळखीचं होतं. मी सगळ्यात छोटी कंपनी घेऊन तिच्यात एक महागडा नामवंत पैलवान आणला होता. तीन महिन्यांत कंपनीचं दिवाळं निघालं. “इनाम मोठं लावून मैदान मोठं होत न्हाई लेका. बघणारं आधी तयार करावं लागतंय,” इतकंच ते बोलले. खेळात काही नामवंतांच्या करारात अशी अट असते की ते हरायला नकार देऊ शकतात. मला हा खेळातला अन्याय वाटायचा. आबा म्हणाले, मोठ्या वस्तादाचा पठ्ठा असला की असंच असतं. वस्ताद सांगून जातो, आमचं पोरगं ह्याच्याबरोबर धरणार नाही. मग कमिटीनं काय करायचं? त्याच्यासाठी तोलाचा दुसरा शोधायचा, किंवा त्याच्याविना मैदान काढायचं. त्यांनी अशी मैदानं काढलेली होती.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. निकाल आधी ठरवायचा हे त्यांना पटेना. गावच्या मैदानात बरोबरीत सोडवलेली कुस्तीसुद्धा लोकांना आवडत नाही, निकालीच लागते. चीतपट झाल्याशिवाय हलगी थांबत नाही. आणि इथं निकाल मीच लिहिणार? दोन आठवडे ते बसायला आले नाहीत. परत आले ते उत्तर घेऊनच. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते सुरू झालं. मग त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर उभं केलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. “हिकडं खरी कुस्ती, तिकडं नाटक. तुझा ह्यो खेळ मधल्या भिंतीवर बसलाय. त्येला नाटक म्हणून बघायचं ठरवलंय मी.” ह्या खेळाचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

तिथून वहीची कल्पना निघाली. खेळाबरोबर माहिती बदलायचा एक ‘एडिटर’ मिळतो, त्यात आपले पैलवान भरता येतात. आबा म्हणाले, आपल्या भागातलं मैदान टाकू. २००४ ते २००६ अशा तीन उन्हाळ्यांत त्यांनी दोनशे पानी वहीत चौऱ्याऐंशी पैलवान लिहिले. मोठी नावं नव्हेत. जत्रेच्या मैदानात दोन नंबरला, चार नंबरला, दहा नंबरला धरणारी पोरं. रकाने त्यांचे स्वतःचे होते: गाव, वजन, दम, डाव, ताकद, मन, हात, नाव. ‘हात’ म्हणजे हात साफ आहे का, समोरच्याला दुखापत न करता धरतो का. ‘नाव’ म्हणजे किती लोक ओळखतात. शेजारी बारीक अक्षरात शेरे: एकचाक डाव चांगला, घिस्सा डाव काढताना उजवा खांदा उघडा पडतो, पोत बरा पण खुराक नाही, थोरला भाऊ मैदानात आला की घाबरतो.

मोठ्या नावांचे आकडे मी मागितले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. मी म्हटलं, खंचनाळे पहिले हिंदकेसरी, १९५९ चे, त्यांना पंच्याण्णव देऊ? गणपतराव आंदळकरांना? आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आंदळकरांना जाकार्ताला सुवर्ण मिळालं तवा मी मोतीबाग तालमीच्या दारात उभा हुतो. आकडा कसला लावतोस?” विषय संपला.

आणि सगळं पेन्सिलीनं. मी बॉलपेन दिलं तरी ते परत ठेवायचे. जोड कधी फुटेल सांगता येत नाही, असं कारण. ऐन दिवशी एखादा ताप काढतो, एखाद्याची बस चुकते, एखाद्याचा वस्ताद नाही म्हणतो. पेनानं लिहिलं की खाडाखोड होते, मग यादी बघून लोक तर्क लढवतात. शीर्षकं, रेघा आणि माझे शेरे मात्र मी निळ्या शाईत लिहीत होतो.

२००६ च्या एप्रिलमध्ये रे मिस्टेरिओ खरंच जगज्जेता झाला, डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनिया २२ या मैदानात. मी पैजेतल्या मित्राला फोन केला. त्याला पैज आठवत नव्हती.

त्यानंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो आणि खेळ सुटला. रायलंडनं २००४ पासून टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग ही नवी मालिका सुरू केली. ती विकत घ्यायची असते. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येत राहिली. मी लांबून बातमी ठेवायचो. (पैसे न घालता मालिकेची चव बघायची असेल तर तिची २००५ ची आवृत्ती पुढे फुकट केली गेली, तिथून सुरू करायला हरकत नाही.) २०१६ मध्ये आबा गेले. वही त्यांच्या ट्रंकेत होती हे मला माहीत होतं, पण ती काढायचं धाडस झालं नाही.

मधल्या काळात मला हा खेळ खेळणारे आणखी काही जण भेटले आणि प्रत्येकाला मी विचारायचो, तुला कसा सापडला? इचलकरंजीच्या एकाला भावानं पुण्याच्या ऑफिसातून सीडीवर आणून दिलेला, ‘यात मारामारी नाही, तुला आवडणार नाही’ असं बजावून. कागलच्या एकाला २००१ मध्ये बंद पडलेली डब्ल्यूसीडब्ल्यू ही अमेरिकन कुस्ती कंपनी पुन्हा चालू करायची होती. ती टीव्हीवर परत येणार नाही हे कळल्यावर तो शोधत शोधत इथं पोचला. पुण्यातल्या होस्टेलवरच्या एकाला क्रिकेट आणि फुटबॉलच्या व्यवस्थापनाचे खेळ आवडायचे, तो त्या वाटेनं आला. माझ्यासारखी खोट्या निकालाला खरा समजलेली आणखी दोघं निघाली. मारामारीच्या आशेनं आलेले बहुतेक जण दोन दिवसांत गेले. जे राहिले ते सगळे कधी ना कधी टीव्हीवरचा निकाल बघून ‘हे असं नको होतं’ म्हणून झोप उडालेले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, पाणी पंचावन्नच्या वर गेलं. जुन्या बुधवारातलं आमचं घर तळमजल्यावर. आई-बाबांना शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं. मी पुण्याहून निघालो, पण हायवे बंद, सहाव्या दिवशी पोचलो. ट्रंक आडवी होऊन गाळात रुतली होती. वही काढली तेव्हा ती एकसंध लगदा वाटत होती. घाई केली नाही हे बरं झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर ओली पानं ओढून सुटी करू नका आणि उन्हात ठेवू नका. वही उभी करून पाणी निथळू दिलं, मग सावलीत पंख्याखाली ठेवली. जी पानं आपोआप सुटत होती तेवढ्यांच्याच मध्ये कोरा शोषकागद घातला, रोज बदलला. तेवीस दिवस लागले. माझी निळी शाई सगळी पसरून गेली होती. शीर्षकं गेली, माझे शेरे गेले. आबांची पेन्सिल जशीच्या तशी होती. चौऱ्याऐंशीपैकी एकाहत्तर पैलवान वाचता आले.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन कोल्हापुरातच राहिलो. मे २०२० मध्ये टोटल एक्स्ट्रीम रेसलिंगची नवी आवृत्ती आली. आधी चाचणी आवृत्ती उतरवा, असं मी सगळ्यांना सांगेन. ती फुकट असते आणि खेळातला पहिला महिना पुरा खेळू देते. मी त्या एका महिन्यातून चार वेळा गेलो आणि चौथ्यांदा कळलं की हे विकत घ्यायचंच. कारण एकच होतं. जुन्या खेळात प्रत्येकाच्या लोकप्रियतेला एकच आकडा होता. आबांची त्यावर कायम तक्रार: “सांगलीत नाव असलं म्हणून बेळगावात गर्दी हुत न्हाई.” नव्या मालिकेत लोकप्रियता भागाभागाप्रमाणे वेगळी असते. वहीत ‘नाव’ या रकान्यात त्यांनी तालुक्यांची आद्याक्षरं आणि पुढे आकडे लिहून ठेवले होतेच.

खेळाची किंमत तेव्हा पस्तीस डॉलरच्या आसपास होती. इथं दुसरी लढाई सुरू झाली. १६ मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम बदलला होता. ज्या कार्डावर कधीच परदेशी व्यवहार झाला नाही, त्यावरची ती सोय बँकांनी बंद करायची, आणि हवी असेल तर ग्राहकानं स्वतः सुरू करून घ्यायची. माझं कार्ड सहा वर्षं जुनं, पैसे काढण्यापलीकडे वापरलेलं नाही. ॲपमध्ये बटण होतं, पण दाबलं की पुन्हा बंद व्हायचं. २ जूनला शाखेत गेलो. दारात सॅनिटायझर, एका वेळी पाच जण आत, काउंटर दुपारी दोनला बंद. पहिल्या दिवशी नंबरच लागला नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज मिळाला. त्यात ‘कारण’ असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे ‘खेळ खरेदी’ लिहिलं, काउंटरवरच्या मॅडमनी वाचून अर्ज परत केला आणि ‘सॉफ्टवेअर खरेदी’ लिहायला सांगितलं. तेही खोटं नव्हतं. नवी सही, ओळखपत्राची छायाप्रत, आणि दोन कामकाजाचे दिवस थांबा. ते पाच झाले.

९ जूनला पैसे भरायला गेलो, नाकारले गेले. धडधडत्या छातीनं चौकशी केली तेव्हा कळलं की सोय सुरू झालीय, पण तिची रोजची मर्यादा शून्यावर आहे, ती वेगळी वाढवायची असते. ॲपमध्ये पाच हजार केली. शुक्रवारी १२ जूनला व्यवहार झाला, आणि मी घाबरलो, कारण ओटीपी आलाच नाही. परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरताना तो नेहमी विचारला जातोच असं नाही. म्हणून काम झाल्या झाल्या ती सोय ॲपमधून बंद करून टाका. मी त्याच मिनिटाला केली. खात्यातून दोन हजार सातशे साठच्या आसपास गेले. डॉलरच्या दरावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी, हे धरूनच हिशोब करा.

खेळ बसवताना एक काळजी घ्या. तो विंडोजच्या प्रोग्राम फाइल्समध्ये न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर माहिती साठवताना परवानगीच्या अडचणी येतात. आणि आपली माहिती भरायच्या आधी मूळ माहितीची एक प्रत बाजूला काढा. मी पहिल्या आठवड्यात हे केलं नाही आणि अकरा पैलवान पुन्हा भरले.

खेळाबरोबर येणारं जग काल्पनिक असतं. रायलंडनं ते कॉर्नेलव्हर्स या नावानं वर्षानुवर्षं वाढवत नेलंय. त्यात शेकडो पैलवान, सगळे बनवलेले, प्रत्येकाला इतिहास. ते बघूनच मी ठरवलं की वहीतली खरी नावं वापरायची नाहीत. ती माणसं आज शेती करतात, कुणी पोलिसात आहे, कुणाची पोरं मॅटवर सराव करतात. त्यांचा निकाल मी का लिहावा? आकडे आबांचे ठेवले, नावं आणि गावं बदलली. फोटोही कुणाचे नाहीत. तांबड्या मातीच्या रंगावर लंगोटाच्या रंगाचा एक चौकोन, एवढंच चित्र. नकाशा खेळाचाच ठेवला आणि एका कागदावर लिहून भिंतीला लावलं: हा भाग म्हणजे कोल्हापूर, हा सांगली, हा सातारा, हा बेळगाव.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने भरण्यात गेले. एका पैलवानाला वीस-पंचवीस मिनिटं. ‘दम’ सरळ बसला, ‘डाव’ही बसला. ‘हात’ या रकान्यासाठी खेळात सुरक्षितता म्हणून वेगळा गुण आहे हे सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. आबांनी तो रकाना कुणाचं बघून काढलेला नव्हता. ‘मन’ कुठं घालायचं हे अजून नीट सुटलेलं नाही. थोडं स्वभावात घातलं, थोडं मैदानाचा अंदाज असणाऱ्या गुणात. बोलण्याच्या गुणांना खेळात फार भाव आहे, पण आमचा पैलवान माईकवर बोलत नाही. तो शड्डू ठोकतो, मैदानाला फेरी मारून सलामी देतो. ते मी आकर्षणाच्या गुणात धरलं.

ऑक्टोबरपासून मैदानं सुरू केली, रोज रात्री तासभर. खेळातल्या मार्चचं मैदान पडलं कारण नंबर एकचा गडी फेब्रुवारीत जखमी झाला आणि मी हट्टानं त्याच्या जागी कच्चा पोरगा घातला. जूनचं पडलं ते माझ्याच हावरेपणामुळे. दोन मोठ्या कुस्त्या पाठोपाठ लावल्या, पब्लिक दमलं, आणि शेवटची जोड थंड प्रेक्षकांसमोर झाली. हे आबांनी २००४ मध्येच सांगितलं होतं: मोठ्या जोडीच्या आधी रेवडीच्या हलक्या कुस्त्या सोड, लोकांना पान खाऊ दे. ऑगस्टमध्ये तसं केलं, सुरुवातीला एक चटकदार जोड, मध्ये हलक्या, मग शेवट. शंभरात अठ्ठ्याऐंशी. वर्षातलं सगळ्यात चांगलं मैदान.

डिसेंबर २०२० मध्ये श्रीपती खंचनाळे गेल्याची बातमी आली. त्या रात्री खेळ उघडला नाही.

नवीन येणाऱ्यांना एकच सांगणं आहे. मोठी कंपनी घेऊन सुरू करू नका. लहान घ्या, आठ-दहा पैलवान ठेवा, आणि पहिले तीन महिने गुणांकडं न बघता फक्त पैसे किती उरले ते बघा. गुण कमी का आले हे खेळ मैदान संपल्यावर बऱ्याचदा सांगतो. ते न वाचता पुढचं बटण दाबायची सवय लागते, ती लावून घेऊ नका.

आता नव्या वर्षाच्या पहिल्या मैदानाची यादी काढतोय. त्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर, पेन्सिलीनं. पानं थोडी वाकडी झालीत, गाळाचा वास अजून येतो. सातपैकी सहा जोड्या लागल्यात. साताऱ्याकडचा एक उंच पोरगा आहे, दम ऐंशी, डाव बहात्तर, मन पंचेचाळीस. त्याला तोलाची जोड सापडत नाही. दोनदा लिहिली, दोनदा पुसली.